घड्याळ जुने केव्हा होते?

१

‘व्हिंटेज’ हा शब्द आता आमच्या गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत येऊन पोहोचला आहे. काल-परवापर्यंत जी वस्तू आपण ‘जुनीपुराणी’ म्हणून मोडीच्या भावात देऊन टाकीत होतो, तिलाच हा शब्द चिकटवला की देणारा घुटमळतो आणि घेणारा गोड बोलू लागतो. वाड्याची दारे, पितळी डबे, ग्रामोफोन, जुन्या फटफट्या ह्या साऱ्यांना हा शब्द लागला. पण त्याचा खरा सुळसुळाट झाला आहे तो मनगटी घड्याळांच्या बाबतीत. दिवाळीच्या साफसफाईत ट्रंकेच्या तळाशी आजोबांचे बंद पडलेले घड्याळ सापडते आणि घरात तत्काळ दोन पक्ष पडतात. एक पक्ष विचारतो, “ह्यात सेल कुठे घालायचा?” दुसरा म्हणतो, “थांबा, अशा घड्याळांना हल्ली लाख-लाख रुपये येतात.” पहिल्याला घड्याळ कळलेले नसते आणि दुसऱ्याला बाजार.

ह्या भांडणात निवाडा करायचा तर दोन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. जुने घड्याळ ‘व्हिंटेज’ ठरते ते कशामुळे? आणि अशी घड्याळे जमवण्यात शहाण्यासुरत्या माणसांना एवढा रस का वाटावा? पहिला प्रश्न नीट सुटल्यावाचून दुसऱ्याला हात घालण्यात अर्थ नाही. कारण आपण काय जमवतो आहोत हे ज्याला ठाऊक नाही, त्याला संग्राहक न म्हणता साठेबाज म्हणणे अधिक न्यायाचे होईल.

शब्दाचे मूळ द्राक्षमळ्यात आहे. एका हंगामाची द्राक्षतोडणी, आणि तिच्यापासून केलेली मदिरा, असा त्याचा मूळचा अर्थ. आमच्या मुलखातल्या आणि नाशिककडच्या बागाईतदारांना हे समजावून सांगायला नको: एखाद्या सालचा माल गोड उतरतो, एखाद्या सालचा पाण्यासारखा निघतो. म्हणजे ह्या शब्दात मुळात ‘जुने’ हा अर्थ नव्हताच. ‘अमुक सालचे, आणि त्या सालाची चव अंगी असलेले’ असा तो अर्थ होता. पुढे इंग्लंडात १९३४ साली जुन्या मोटारींच्या शौकिनांनी एक क्लब काढला, आणि ‘व्हिंटेज’ मोटार म्हणजे १९३० सालअखेरपर्यंत बनलेली, अशी मर्यादा त्यांच्यात पुढे रूढ झाली. गमतीची गोष्ट अशी, की ही मर्यादा त्यानंतर पुढे सरकली नाही. १९३१ सालची मोटार आज नव्वदी ओलांडून बसली आहे. तरी त्या मंडळींच्या पंक्तीत तिला ‘व्हिंटेज’चे पान वाढले जात नाही. त्यांच्या लेखी प्रश्न वयाचा नव्हता. मोटार बांधण्याची एक रीत १९३० च्या सुमारास संपली, हा त्यांचा मुद्दा होता.

ह्याउलट कायद्याला वयावाचून गत्यंतर नसते. आपल्याकडील १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांची अट घातली. हस्तलिखितांसारख्या गोष्टींना पंचाहत्तर वर्षे पुरतात. जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली नियम केले, त्यांत पन्नास वर्षांची अट आहे, आणि वाहन मूळ रूपात असावे असेही म्हटले आहे. घड्याळांच्या बाजारात शंभरी ओलांडलेल्याला ‘अँटिक’ म्हणतात आणि साधारण पंचवीस-तीस वर्षांपुढच्याला ‘व्हिंटेज’. व्यापाऱ्याच्या हिशेबाला हे ठीक आहे. पण रसिकाने ते मानावे काय? तसे मानले तर गेल्या शतकाच्या शेवटी लग्नात मिळालेले आणि नंतर चार वेळा सेल बदललेले कुठलेही घड्याळ ह्या वर्षी अचानक ‘व्हिंटेज’ होईल, आणि पुढच्या वर्षी त्याचा शेजारी होईल. केवळ पंचांग उलटल्याने जी योग्यता येते, ती गुणाची योग्यता नव्हे. जुने म्हणून चांगले आणि नवे म्हणून टाकाऊ असे मानणाऱ्यांना कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेतच हटकले आहे, घड्याळांच्या शौकिनांनी ती प्रस्तावना एकदा वाचावी.

२

आपल्या भाषेत ‘घड्याळ’ हा शब्द ‘घटी’पासून आला. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. घटका म्हणजे चोवीस मिनिटे, घटकेची साठ पळे, आणि अहोरात्रीच्या साठ घटका. लग्नात मुहूर्त साधण्यासाठी भटजी हे घटिकापात्र मांडीत, आणि ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार तिथूनच आपल्या बोलण्यात शिरला. आता विचार करा: हे घटिकापात्र ‘व्हिंटेज’ कधी होते का? तांबटाने काल ठोकलेले पात्र आणि दोनशे वर्षांचे पात्र ह्यांच्यात, भोक बरोबर असेल तर, कामाच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही. त्याच्यावर साल नाही, गाव नाही, करणाऱ्याचे नाव नाही. ज्या रीतीने ते घडले ती रीत कधी संपलीही नाही. म्हणून ते प्राचीन असू शकते, पवित्र असू शकते. ‘व्हिंटेज’ मात्र नव्हे.

यंत्राचे घड्याळ आले ते तोंडावर नाव-गाव लिहूनच. तबकडीवर कंपनीचे नाव, आत यंत्रावर खूण, झाकणाच्या पाठीवर क्रमांक. एखाद्या ग्रंथाला मुखपृष्ठ असावे तसे हे. म्हणून घड्याळ वाचता येते. पण ते वाचताना एक गोष्ट विसरू नये, की सगळेच काही त्याच्या तोंडावर लिहिलेले नसते. मुंबईचा राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला. त्या काळी मुंबईला मुंबईची वेळ होती, ती आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे एकोणचाळीस मिनिटे मागे. प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, तरी मुंबईने आपली वेळ सोडली नाही. पुढे कित्येक वर्षे त्या शहरात दोन वेळा नांदत होत्या. आमच्या गंगापूरचा हिशेब मांडला तर सूर्याच्या मानाने आमची वेळ प्रमाणवेळेहून सुमारे अर्धा तास मागे पडते. सूर्य डोक्यावर येतो तेव्हा मनगटावर साधारण साडेबारा वाजलेले असतात. आमच्या शेतकऱ्याची दुपार आणि एस.टी.ची दुपार ह्यांत हे अंतर अजून आहे. तालुक्यातल्या लासूरवरून मनमाड-हैदराबाद लोहमार्ग गेला तो विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, आणि तेव्हा हिंदुस्थानातल्या आगगाड्या मद्रासची वेळ पाळीत. ती आमच्या सूर्याच्या जवळजवळ वीस मिनिटे पुढे.

म्हणजे १९०५ सालचे एखादे खिशातले घड्याळ आज हातात आले, तर त्याचे काटे कोणत्या वेळेला लावलेले होते, गावच्या, आगगाडीच्या की मुंबईच्या, हे ते स्वतः सांगणार नाही. ते त्याच्या मालकाला ठाऊक होते. जुन्या घड्याळाचा निम्मा अर्थ यंत्रात असतो आणि निम्मा ज्याने ते वापरले त्या माणसात. हे लक्षात ठेवले की पुढचा विचार सोपा होतो.

३

आता माझी व्याख्या मांडतो. ज्या काळाने आणि ज्या रीतीने घड्याळ घडवले तो काळ आणि ती रीत संपली, पण घड्याळ मात्र अजून चालते किंवा चालवता येते, ते घड्याळ ‘व्हिंटेज’. दोन्ही अटी हव्यात. काळ संपलेला नसेल तर घड्याळ केवळ वापरलेले. आणि चालवता येण्याची आशाच उरली नसेल तर ते अवशेष, त्याची जागा संग्रहालयात.

ही व्याख्या आपल्याकडच्या घड्याळांना लावून पाहू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत घड्याळ म्हणजे विलायती, त्यातही स्विस. वेस्ट एंड वॉच कंपनीचे नाव एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून मुंबई-कलकत्त्यात गाजत होते. तिचे ‘सोवार प्राइमा’ फौजेतल्या आणि रेल्वेतल्या माणसांच्या हातावर दिसे. फावर ल्युबाचा हिंदुस्थानाशी व्यापार १८६५ पासूनचा. ‘सी किंग’, ‘सी चीफ’ ही तिची घड्याळे तर लग्नाच्या बोलणीतसुद्धा नावानिशी मागितली जात. जावयाला घड्याळ, सायकल आणि अंगठी, असा तो काळ होता. त्या घड्याळांचा काळ संपला आहे, आणि त्यांतली पुष्कळशी साफ केल्यावर आजही चालतात. ती परीक्षेत उतरतात, ह्यात वाद नाही.

वाद आहे तो एच.एम.टी.चा. सरकारी कारखाना, लाखांनी काढलेला माल, घरोघरी असलेले घड्याळ. त्यात जमवण्यासारखे काय, असे पुष्कळांना वाटते. मला उलट वाटते. १९६१ साली हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे काढायला सुरुवात केली. पुढे श्रीनगर, तुमकूर, राणीबाग येथेही कारखाने झाले. ‘जनता’ हे तिचे सर्वांत ओळखीचे घड्याळ एक रसिक म्हणून हातात घेऊन पाहा. पांढरी किंवा दुधी तबकडी, सरळ काटे, उगाच कोठे नक्षी नाही. सतरा ज्वेलचे किल्लीचे यंत्र. आणि नाव तरी कसे, ‘जनता’! ‘जवान’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कांचन’ अशी ही नावे एकापुढे एक ठेवली, तर नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या मनात काय चालले होते त्याची यादीच वाचल्यासारखे होते. ह्याच घराण्यात देवनागरी आकड्यांची तबकडीही निघाली. आपल्या बाराखडीच्या वळणाचे १२, ३, ६, ९ आकडे घड्याळाच्या तोंडावर पाहिल्यावर जाणवते, की एरवी आपण आयुष्यभर परक्या लिपीत वेळ वाचीत आलो. अंधांसाठी बोटांनी चाचपण्याचे ब्रेल घड्याळही ह्याच कारखान्यांनी केले. स्विस घड्याळ अधिक सुबक असेल. पण ‘जनता’ने ज्या माणसासाठी घड्याळ केले तो माणूस स्विस कारागिराच्या डोळ्यांपुढे कधी नव्हता. शाळामास्तर, तलाठी, कंडक्टर, वाळूजच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघालेला तरुण, ही त्या घड्याळाची मनगटे.

आता त्याचा काळ संपला काय? संपला. १९६९ च्या नाताळात जपानमध्ये सायकोने क्वार्ट्‌झचे मनगटी घड्याळ विक्रीला आणले. स्फटिकाचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि त्याच्यापुढे किल्लीच्या घड्याळाचा नेमकेपणा टिकत नाही. स्वित्झर्लंडातल्या घड्याळधंद्यात १९७० च्या सुमारास नव्वद हजारांच्या आसपास माणसे होती. पंधरा वर्षांत ती तीस हजारांच्या घरात आली. आपल्याकडे १९८४ साली टायटन कंपनी स्थापन झाली आणि १९८७ पासून तिची क्वार्ट्‌झ घड्याळे दुकानांत आली. जावयाची आवड बदलली. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी. वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. त्या नावाची घड्याळे त्यानंतरही विकली गेली, पण नाव चालू राहणे वेगळे आणि काळ चालू राहणे वेगळे. पेशवाई संपल्यावरही पेशव्यांचे वंशज होतेच.

मग क्वार्ट्‌झ घड्याळ ‘व्हिंटेज’ होऊ शकते काय? कर्मठ संग्राहक कानांवर हात ठेवतील. माझ्या व्याख्येने होऊ शकते, मात्र वयाच्या जोरावर नव्हे. त्या रीतीचा जो पहिला भर होता, म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकांतला, तो संपला आहे. त्या काळचे एखादे घड्याळ दुरुस्त होऊन चालत असेल तर त्याला पंक्तीत घ्यायला हरकत नसावी. हल्लीच्या मनगटी संगणकांचे मात्र कठीण आहे. त्यांची बॅटरी आणि आतली आज्ञावली ह्यांना कंपनीने पाठ दाखवली की त्यांचा काळ आणि त्यांचा प्राण एकदमच जातो. मागे राहते ती काच.

४

काळाची अट झाली, आता अस्सलपणाची. इथे आपल्या भागातलेच एक थोर उदाहरण घ्यावेसे वाटते. गोदावरीच्या काठाने आमच्या तालुक्यावरून खाली गेले की पैठण लागते. तिथे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली. तीनशे वर्षांच्या नकलांत शिरलेले पाठभेद त्यांनी निवडून काढले, आणि पुढे कोणी तीत आपली भर घालू नये असे बजावले. नाथांना स्वतःला ओवी रचता येत नव्हती म्हणून त्यांनी भर घातली नाही असे नाही. दुसऱ्याच्या ग्रंथात आपले घुसडणे हा अपराध आहे, हे त्यांना ठाऊक होते.

जुन्या घड्याळांच्या बाजारात हा अपराध रोज घडतो. तिथे त्याला ‘रीडायल’ म्हणतात. डागाळलेली तबकडी खरवडून तिच्यावर नवा रंग चढवायचा, आणि त्या रंगावर हवे ते नाव छापायचे. आत एका कंपनीचे यंत्र, तोंडावर दुसरीचे नाव, काटे तिसरीचे. वर निळा, भगवा, हिरवा असा भडक रंग, जो मूळ कंपनीने जन्मात वापरला नव्हता. ‘एच.एम.टी. पायलट’च्या काळ्या तबकडीवर तर ह्या रंगाऱ्यांचा विशेष लोभ. हा माल देशाबाहेर इतका गेला आहे, की परदेशातले संग्राहक मुंबईचे नाव घेतले की आधी तबकडीकडे संशयाने पाहतात. ज्या शहराने आपल्या वेळेसाठी एवढा हट्ट धरला, त्याच्या वाट्याला हे यावे, ह्याचे वाईट वाटते.

पण इथे तारतम्य हवे. घड्याळ म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती नव्हे. ते वापरायचे यंत्र आहे. त्याची मुख्य स्प्रिंग तुटते, काच चरे पडून आंधळी होते, किल्लीची गुंडी झिजते. ह्या गोष्टी बदलणे म्हणजे दुरुस्ती. वाड्याचे कौल बदलल्याने वाडा खोटा होत नाही. चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या गृहस्थाने तबकडी काळवंडली म्हणून गावच्या घडीसाजाकडून ती रंगवून घेतली असेल, तर तोही त्या घड्याळाच्या आयुष्याचा भाग झाला. सांगून विकले तर त्यात लबाडी नाही. लबाडी लपवण्यात आहे. ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. भिंगातून पाहिले तर अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात. आकड्यांच्या खुणा काट्यांच्या टोकांशी जुळत नाहीत. सेकंदाची छोटी तबकडी मध्यापासून सरकलेली असते. आणि झाकण उघडले की आतले नाव बाहेरच्या नावाशी भांडते. पन्नास वर्षांच्या घड्याळाचे तोंड कालच्या ताटासारखे चकचकीत असेल, तर आनंद मानण्याआधी विचारावे.

मग म्हातारपणाच्या खुणा ह्या दोष की गुण? संग्राहक तबकडीवरच्या पिवळेपणावर भाळतात, त्याची थट्टाही होते. पण त्यात तथ्य आहे. तो रंग उन्हाने, घामाने आणि वर्षांनी चढवला आहे, आणि तो हुबेहूब नक्कल करणे फार अवघड. तरी एका गोष्टीत भाबडेपणा नको. आपण ज्याला ‘रेडियमचे घड्याळ’ म्हणतो, त्यातल्या जुन्या, साधारण १९६० च्या दशकापर्यंतच्या, पुष्कळ घड्याळांच्या काट्यांवर खरोखरीच रेडियम होते. त्याच्याबरोबरचा चमकणारा पदार्थ काही दशकांत थकतो, म्हणून घड्याळ अंधारात दिसेनासे होते; रेडियम मात्र निम्मे व्हायला सुमारे १,६०० वर्षे घेते. उजेड गेला म्हणून किरण गेले असे नव्हे. असे घड्याळ घरात असेल तर त्याचे झाकण वा काच घरच्या घरी उघडू नये, काट्यांवरची पूड खरवडू नये, मुलांच्या हाती खेळायला देऊ नये. पुढे रेडियमच्या जागी ट्रिटियम आले. ते सुमारे बारा वर्षांत निम्मे होते. तबकडीच्या तळाशी ‘स्विस’ ह्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना इंग्रजी ‘टी’ असेल तर ते ट्रिटियमचे समजावे. हौशी माणसाला सालाचा अंदाज बांधायला ही खूणही उपयोगी पडते.

५

आता दुसरा प्रश्न. माणसे ही घड्याळे जमवतात ती का?

एक उत्तर बाजार देतो. नट पॉल न्यूमनचे रोलेक्स घड्याळ २०१७ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरांवर गेले. त्याच्या बायकोने, जोअन वुडवर्डने, त्याला ते दिले होते, आणि मोटार जपून चालव अशा अर्थाचे शब्द पाठीवर कोरून घेतले होते. आपल्याकडचे उदाहरण अधिक बोचरे आहे: गांधीजींचे खिशातले झेनिथ घड्याळ, चष्मा, चपला, वाटी आणि ताटली असा संच २००९ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कलाच १८ लाख डॉलरांना विकला गेला. अपरिग्रहाचे व्रत घेतलेल्या माणसाच्या घड्याळाला ही किंमत यावी, ह्यावर वेगळे भाष्य नको. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. किंमत यंत्राची नव्हती. ज्याच्या अंगावर ते होते त्याची होती. आपल्या घरच्या ‘जनता’ला असे डॉलर येणार नाहीत. तिचा धनी प्रसिद्ध नव्हता. घरापुरता तो प्रसिद्ध होता, एवढेच.

दुसरे उत्तर यंत्रातच आहे. क्वार्ट्‌झ घड्याळाचे झाकण उघडले तर बघण्यासारखे फारसे काही नसते. किल्लीच्या घड्याळाचे उघडले तर सारा कारभार डोळ्यांपुढे चाललेला दिसतो: स्प्रिंग उलगडते आहे, चाके एकमेकांना ढकलताहेत, आणि बॅलन्स छातीसारखा हलतो आहे. बहुतेक जुन्या मनगटी घड्याळांत तो ताशी १८,००० वेळा ठोका देतो. म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला ४ लाख ३२ हजार, वर्षाला १५ कोटी ७६ लाखांच्या वर. असे यंत्र तीस वर्षे एका माणसाच्या मनगटावर चालले आणि वंगण वाळले म्हणून थांबले. साफ केल्यावर पुन्हा चालू लागले. जे कसे चालते हे समजते आणि बिघडले तर सुधारता येते, अशा वस्तू आपल्या घरांत आता किती उरल्या? जुन्या घड्याळाच्या ओढीत ह्या प्रश्नाचा मोठा वाटा आहे, असे मला वाटते. नेमकी वेळ हवी म्हणून कोणी जुने घड्याळ घेत नाही. ती खिशातल्या फोनवर असतेच.

जमवण्याच्या रीतीही दोन आहेत, आणि दोन्हींची स्मारके आपल्या मुलखाच्या आसपास उभी आहेत. हैदराबादेत तिसऱ्या सालारजंगांचा संग्रह आहे. आमच्या मराठवाड्याचे लोक निजामी अमदानीपासून हैदराबादला जात आले. तिथले ते मोठे वाद्यघड्याळ पाहिल्याशिवाय परतत नाहीत. कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीचे ते घड्याळ. ताशी एक छोटा माणूस दार उघडून येतो आणि टोले देऊन जातो, आणि दुपारी बाराला तर त्याच्यापुढे गर्दी जमते. दुसरा संग्रह पुण्याचा, दिनकर केळकरांचा. ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने कविता लिहिणाऱ्या ह्या माणसाने अडकित्ते, दिवे, कुंकवाचे करंडे, दौती अशा घरगुती वस्तू गावोगाव हिंडून गोळा केल्या, अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले आणि सारे राज्य सरकारच्या स्वाधीन केले. सालारजंगांनी थक्क करणारे ते वेचले. केळकरांनी नाहीसे होणारे ते. दोघांबद्दल आदर आहे. पण ज्याला गंगापुरात किंवा वैजापुरात बसून घड्याळे जमवायची आहेत, त्याने वाट धरावी ती केळकरांची.

कारण नाहीसे होणे इथे खरोखरच चालू आहे. घड्याळांचे सुटे भाग मिळेनासे झाले आहेत. डोळ्याला भिंग लावून काचेच्या पेटीमागे बसणारा घडीसाज तालुक्यांच्या गावांतून उठत चालला आहे. जिथे तो आहे तिथे त्याच्या हाती मुख्यतः सेल आणि पट्टे बदलण्याचे काम उरले आहे, आणि त्याची मुले ह्या धंद्यात येत नाहीत. तो गेला की वर मांडलेल्या व्याख्येतली दुसरी अट, ‘चालवता येते’ ही, आपोआप कोसळते. आणि देशातली सगळी ‘व्हिंटेज’ घड्याळे एका पिढीत अवशेष होऊन बसतात. म्हणून शेकडो घड्याळे डब्यात घालून त्यांची छायाचित्रे मिरवणाऱ्या संग्राहकापेक्षा, चार घड्याळे चालू ठेवून घडीसाजाला वर्षातून चारदा काम देणारा मला मोठा रसिक वाटतो. दोनशे घड्याळांना रोज किल्ली कोण देणार? जमवण्याच्या हौशीला संख्येचा रोग लवकर जडतो, आणि मग घड्याळे घड्याळे राहत नाहीत, नाणी होतात.

दुसरे नाहीसे होणे ह्याहून हळू आणि अधिक वाईट. घरातून घड्याळ फेरीवाल्याकडे जाते तेव्हा त्याची गोष्ट सोबत जात नाही. मुंबईच्या चोरबाजारात पोहोचेपर्यंत ते अनाथ झालेले असते; तिथे त्याला नवे तोंड आणि नवे नाव मिळते. कोणत्या पगारातून ते घेतले, कोणाच्या लग्नात आले, कोणाच्या मनगटावर निवृत्तीपर्यंत चालले, हे सारे रंगाच्या एका हातात पुसले जाते. वर म्हटले ते निम्मे, माणसातले, ते हेच.

तेव्हा ज्यांच्या घरी असे एखादे घड्याळ आहे त्यांना एवढेच सुचवायचे आहे. आधी ते कोणाचे, कोणत्या साली आणि कोठून आले, हे घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारून एका चिठ्ठीवर लिहावे आणि चिठ्ठी घड्याळापाशी ठेवावी. आठवण असलेले माणूस घरात आहे तोवरच हे होते. मग जाणत्या घडीसाजाकडून ते साफ करून घ्यावे, तबकडीला हात लावू नये असे बजावून. त्यानंतर रोज सकाळी एका ठरलेल्या वेळी, हातातून काढून, हलक्या बोटांनी किल्ली द्यावी. विरोध जाणवला की थांबावे, पुढे एक फेरासुद्धा देऊ नये. दिवसाकाठी ते मिनिटभर मागेपुढे होईल, त्याची खंत करू नये. आणि ते कपाटात न ठेवता घालावे.